अल्बम डिझाइनसाठी डेस्कटॉप: कोटेशन आलंय, घेऊ का?

स्टुडिओची सून, सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी काढला तेव्हा मागच्या खोलीत डार्करूम होती, आता तिथेच बसून मी लग्नाचे अल्बम लावते. नवरा आणि त्याच्या हाताखालचा मुलगा शूट करतात. निवड, कलर, शीट, लॅबला पाठवणं हे सगळं माझ्याकडे. व्हिडिओ दीर करतो, त्याचा लॅपटॉप वेगळा आहे, तेव्हा व्हिडिओ या प्रश्नात धरू नका.

आत्ताचा कॉम्प्युटर: आय5-4460, एच81 बोर्ड, 8 जीबी रॅम, विंडोजपुरती 120 जीबीची एसएसडी आणि 2 टीबीची हार्ड डिस्क, कायम तुडुंब. विंडोज 10. त्याचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि हा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, म्हणून निदान बदलायचा विषय तरी निघाला. नाहीतर "एवढा एक सीझन काढू" हे वाक्य आमच्याकडे दरवर्षी तुळशीच्या लग्नाला ठरलेलं.

काम असं असतं. दोन सोनी ए7 III, एका लग्नाचे तीन हजारांच्या आसपास रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल. लाइटरूम क्लासिकमध्ये निवड आणि कलर, मग फोटोशॉपमध्ये 12 बाय 36 इंची शीट (अल्बमची समोरासमोरची दोन पानं), 300 डीपीआय. टेम्प्लेट सगळे पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइल: फुलं, पोत, सावल्या, मास्क, लेअरवर लेअर. नवरा-नवरीची नावं आणि बाकी मजकूर श्रीलिपीच्या मराठी फॉन्टात.

त्रास तीन आहेत. तिसरी शीट उघडली की फोटोशॉप गोठतं. वर "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं आणि मी माउसवरचा हात काढून नुसती बघत बसते. दुसरं, संध्याकाळचं रिसेप्शन 6400 आयएसओला काढलेलं असतं. त्यातल्या एका फोटोला लाइटरूमचं डीनॉइज (दाणे घालवणारं टूल) लावलं की मी कुकर लावून परत येते, तरी ते चालूच. तिसरं सगळ्यात वाईट. स्क्रीनवर छान दिसलेली नवरी अल्बममध्ये काळवंडून येते. आणि हळदीच्या फोटोंत गालावरची हळद म्हणजे सपाट पिवळा डाग, बोटांचे ओरखडे वगैरे काही दिसत नाही. लॅबवाले म्हणतात, तुमची फाइलच तशी आहे.

बजेट मॉनिटर आणि यूपीएस धरून दीड लाख. त्यावर एका दुकानातून आलेलं कोटेशन: आय7-14700एफ, बी760 बोर्ड, 16 जीबी डीडीआर5 ची एक स्टिक, आरटीएक्स 5060 टीआय 16 जीबी, 500 जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), वॉटर कूलर, रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट, 27 इंची कर्व्ह्ड मॉनिटर 180 हर्ट्‌झचा, फुल एचडी. एकूण 1,62,000, यूपीएस वेगळा. पुतण्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "काकू, डोळे झाकून घे, ह्याच्यावर सगळे गेम पळतात." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

यातलं काय कापू, कुठे वाढवू? लॅपटॉप सुचवू नका, मान आधीच गेलीय. आणि एक घरगुती प्रश्न. सासरे अजून पासपोर्ट फोटो करतात, तेही फोटोशॉप 7.0 वर, आणि दुसऱ्या कशाला ते हात लावणार नाहीत. त्यांना नव्या मशीनवर बसवायचं का?

 

पाना-पेचकस, मिरज

ताई, मी मिरजेत मशीन जोडून देतो. माझ्या गिऱ्हाइकांत निम्मे स्टुडिओवाले आहेत, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. कोटेशनमध्ये फसवाफसवी काही दिसत नाही. ते पुतण्यासाठी केलेलं आहे, एवढंच.

पैसे काढायच्या आधी एक करा. फोटोशॉपमध्ये शीट उघडल्यावर खाली डाव्या कोपऱ्यात फाइलचा आकार दिसतो. त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून "एफिशियन्सी" निवडा. तिथे 100 टक्के दिसत असेल तर काम रॅममध्ये चाललंय. आकडा खाली यायला लागला म्हणजे रॅम संपलीय आणि फोटोशॉप डिस्कवर लिहा-पुसा करतंय, ज्याला स्क्रॅच म्हणतात. नेहमीसारखं काम करत असताना हा आकडा बघा आणि इथे सांगा. माझा अंदाज आहे, पण आकडा तुमच्या तोंडून येऊ दे.

अंदाज कशावरून, तेही सांगतो. 12 बाय 36 इंच, 300 डीपीआय म्हणजे 3600 गुणिले 10800, जवळजवळ 3 कोटी 89 लाख पिक्सेल. 8 बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे शीटभर पसरलेला एक लेअर सुमारे 117 एमबी. असे दहा लेअर म्हणजे एक जीबीच्या वर. त्यावर मास्क, स्मार्ट ऑब्जेक्ट, आणि तुम्ही कंट्रोल-झेड दाबाल म्हणून फोटोशॉपने धरून ठेवलेल्या मागच्या पायऱ्या. हीच शीट चुकून 16 बिटमध्ये असेल तर सगळं दुप्पट. आता 8 जीबीतून विंडोज, क्रोम, व्हॉट्सॲप वेब, मागे उघडं असलेलं लाइटरूम वजा करा. तिसऱ्या शीटला जागा कुठून येणार? आणि एच81 ला दोनच खाचा, कमाल 16 जीबी. त्यात पैसे घालू नका.

आता कोटेशन. 14700एफ मध्ये 20 कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे 20 हात, आहेत. लाइटरूममधून एक्सपोर्ट करताना ते राबतील, पण तुमचा दिवस जातो फोटोशॉपमध्ये, आणि फोटोशॉपची बरीचशी कामं थोड्याच कोअरवर चालतात. त्याऐवजी एएमडीचे रायझन बघा: रायझन 5 7600 ला सहा कोअर, रायझन 7 7700 ला आठ. दोन्ही तुमच्या कामाला पुरतात. दोन्हीच्या खोक्यात हवेचा कूलर येतो, वॉटर कूलर तिथेच बाद. शिवाय दोघांत साधं डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स असतं. इंटेलच्या "एफ" मध्ये ते नसतं. ऐन वैशाखात कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर "एफ" वाल्या मशीनवर स्क्रीनच येणार नाही. माझ्या दुकानात मे महिन्यात अशी माणसं येतात, त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

रॅम एक 16 ची स्टिक अजिबात नको. एका स्टिकवर मेमरी एकाच वाटेने चालते, दोन असल्या की दोन्ही वाटा उघडतात. 16 च्या दोन घ्या, 32 झाले. "पुढे अजून दोन टाकू" असा हिशोब मात्र डीडीआर5 मध्ये करू नका. या प्लॅटफॉर्मवर चार स्टिक लावल्या की वेग चांगलाच उतरतो. म्हणजे जे घ्यायचं ते दोन स्टिकमध्येच. 64 घेतलेत तर उत्तम, पण 2025 संपता संपता रॅमचे भाव जे चढलेत ते बघता मी आज आग्रह करणार नाही. रॅमचा भाव पैसे द्याल त्या दिवशीचाच खरा. आठवड्यापूर्वीचं कोटेशन दाखवून दुकानदाराशी भांडू नका, तो बिचारा खरंच बोलतोय.

ग्राफिक्स कार्ड. फक्त शीट लावायच्या असत्या तर म्हणालो असतो, कार्डच घेऊ नका. पण डीनॉइज हे काम पूर्ण कार्डाचं. तिथे कार्ड नसलं की मिनिटं जातात, बरं कार्ड असलं की सेकंदात होतं. फोटोशॉप-लाइटरूमवाली अडोबी 8 जीबीचं कार्ड सुचवते. तेव्हा 5060 टीआय 16 जीबी ऐवजी साधं 5060, 8 जीबी. वाचलेले पैसे मॉनिटरला लावा. आणि दुकानात कुणी "जनरेटिव्ह फिलसाठी मोठं कार्ड लागतं" म्हणालं तर हसून सोडून द्या. ते काम अडोबीच्या सर्व्हरवर होतं, तिथे तुमचं इंटरनेट लागतं.

डिस्क. 500 जीबी दोन लग्नांत भरेल. 1 टीबी एनव्हीएमई घ्या. विंडोज, प्रोग्रॅम, लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरच्या कामाची नोंदवही), प्रिव्ह्यू, स्क्रॅच आणि चालू काम त्यावर. अल्बम डिलिव्हर झाला की रॉ 4 टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. जुने रॉ हळू उघडले तरी कुणाचं काही अडत नाही, कॅटलॉग हळू उघडला तर रोज अडतं. कॅमेऱ्यात रॉ "कम्प्रेस्ड" वर आहे का बघा. ए7 III ची अनकम्प्रेस्ड फाइल 47 एमबीच्या आसपास, कम्प्रेस्ड साधारण त्याच्या निम्मी. तीन हजार फोटोंना 140 जीबी की 72 जीबी, एवढा फरक आहे.

बाकी 550 वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट बिनदिव्यांचं पण पुढून जाळीचं आणि फिल्टर निघणारं. मार्केट यार्डाच्या बाजूला दुकान असेल तर फिल्टर महिन्याला धुवा. हळदीचा हंगाम आला की तिकडच्या मशीनचे पंखे पिवळे होऊन माझ्याकडे येतात. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा, बिल पक्कं, आणि बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. जीएसटी नंबर असेल तर तोही बिलावर घाला, इनपुट क्रेडिट मिळतं.

सासऱ्यांना त्यांचं मशीन राहू द्या. फोटोशॉप 7.0 हे 2002 चं, 32 बिटचं. ते 2 जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, त्याला 64 जीबी दिली काय नि 8 दिली काय. जुन्या मशीनचं इंटरनेट काढा, फोटो पेनड्राइव्हने न्या-आणा. त्यांचे शॉर्टकट त्यांच्या बोटांत बसलेत, ते मोडू नका.

 

पठारावरचा, सातारा

पाना-पेचकस यांनी मशीनचं सांगितलंय, त्यात मला भर घालायची नाही. मी मॉनिटरवर बोलतो, कारण ताई, तुमची तिसरी तक्रार कितीही भारी प्रोसेसर घेतला तरी जाणार नाही. मी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, कासची फुलं काढतो आणि मोठे प्रिंट करून घेतो. सोनकी फुलली की सगळं पठार पिवळंजर्द होतं आणि तिथे माझंही तुमच्या हळदीसारखंच होत होतं.

आधी काळवंडण्याचं. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा डोळे दिपतील इतका उजळ असतो, 250 ते 350 कॅन्डेला (उजेडाचं माप). कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्या उजेडात नवरी तुम्हाला पुरेशी गोरी दिसते, तुम्ही एक्स्पोजर तिथेच थांबवता, आणि छापून आलं की ती अंधारात. छपाईचं काम करताना स्क्रीन 100 ते 120 कॅन्डेलावर हवी. मोजायचं यंत्र नसेल तोवर पांढरा कोरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा, स्क्रीनवर पांढरी विंडो उघडा, आणि ब्राइटनेस उतरवत दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. वाटू द्या. विंडोजचं नाइट लाइट बंद. खोलीत पिवळा बल्ब असेल तर बदला, आणि पाठीमागे खिडकी असेल तर टेबल फिरवा. भिंत गुलाबी किंवा केशरी असेल (स्टुडिओंत असते, मी बघितलंय) तर निदान समोरच्या बाजूला फिकट राखाडी रंग मारून घ्या.

आता हळद. भडक पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळपास नाही. एसआरजीबी या नेहमीच्या, मर्यादित रंगपट्ट्यात आलात की हळदीच्या ठिकाणी निळा चॅनल शून्याला टेकतो. शून्याच्या खाली काही नसतं, म्हणून ओरखडे, चमक, सगळं एकाच पातळीवर येऊन सपाट होतं. लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग चालू करून एसआरजीबी निवडा आणि हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) डावी कड बघा, तिथे निळा चढून बसलेला दिसेल. रॉमध्ये तपशील असतो. एचएसएलमध्ये, म्हणजे एकेका रंगाच्या सेटिंगमध्ये, पिवळ्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) उतरवा, ल्युमिनन्सही (उजळपणा) थोडा खाली घ्या, म्हणजे ओरखडे परत येतात. पिवळा कमी भडक दिसेल, पण हळद लावल्यासारखी दिसेल.

त्या कोटेशनमधला कर्व्ह्ड मॉनिटर घेऊ नका. तसले बहुतेक व्हीए पॅनेलचे असतात, मान जरा हलली की सावलीतला रंग बदलतो. शिवाय 27 इंचाला फुल एचडी म्हणजे पिक्सेल मोजता येतील. 180 हर्ट्‌झ शीट लावायला कशाला? ट्रॅक्टरला शर्यतीचे टायर. तुमची शीट तीनास एक अशी आडवी. 1920 रुंदीच्या स्क्रीनवर तिची उंची जेमतेम 640 पिक्सेल मिळते, 2560 वर 853. म्हणून 27 इंच, 2560 बाय 1440, सपाट, आयपीएस पॅनेलचा (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा), 100 टक्के एसआरजीबी, कारखान्यातून रंग तपासून आलेला. आसुसचा प्रोआर्ट पीए278क्यूव्ही त्याच जातीचा आहे, बेनक्यू आणि डेलकडेही आहेत. अडोबी आरजीबीवाला महागडा पॅनेल तुम्हाला नको. लॅबला जर एसआरजीबी जेपीईजी जाते, तर त्याच्या बाहेरचे रंग स्क्रीनवर बघून तुम्ही फक्त हळहळणार.

लॅबला दोन गोष्टी विचारा: एसआरजीबीच हवं ना, आणि त्यांच्या पेपरचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) देतील का. प्रोफाइल मिळाला तर फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम, तिथे तो निवडा. कंट्रोल-वाय दाबलं की छपाईत काय होणार त्याचा बराच अंदाज येतो. आणि लाइटरूममधून "एडिट इन फोटोशॉप" करत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये बघून घ्या, मुळात तिथे प्रोफोटो आरजीबी (एसआरजीबीपेक्षा बराच मोठा रंगपट्टा) आणि 16 बिट ठेवलेलं असतं. शीटसाठी एसआरजीबी, 8 बिट करा. रंगही जुळेल आणि वर सांगितलेली दुप्पट मेमरीही वाचेल.

कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनवर ठेवायचं मोजयंत्र, एकट्यानं घ्यायची वस्तू नाही. महिन्यातून अर्धा तास लागतं. सांगलीत तीन-चार स्टुडिओंनी मिळून एक घ्या. आम्ही साताऱ्यात तेच केलंय. आमचं यंत्र राजवाड्यापासून सदर बझारपर्यंत फिरत असतं, आणि कुणाकडे आहे हे शोधण्यात थोडा वेळ जातो, ते धरून चाला.

 

कराडकर

ताई, एवढा खटाटोप कशाला? ॲपलचा एम4 मॅक मिनी घ्या. भारतात आला तेव्हाच 59,900 ला होता, 16 जीबी मेमरी मुळातच, आवाज नाही, जागा लागत नाही, वीज नगण्य. उरलेल्या पैशांत चांगला मॉनिटर. लाइटरूम त्यावर लोण्यासारखं चालतं, मी रोज वापरतो.

 

पाना-पेचकस, मिरज

मिनी चांगलंच मशीन आहे, नाही म्हणणार नाही. पण त्यात मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि 16 वर ताईंच्या तीन शीट पुन्हा अडकतील. 24 किंवा 32 चा मिनी बघा, मग "स्वस्त" हा मुद्दा उरत नाही. आणि त्यांच्याकडची श्रीलिपी विंडोजची, जुन्या शीटमधली सगळी नावं त्या फॉन्टात. एकटा माणूस नव्यानं सुरू करत असता तर मीही मिनी म्हणालो असतो.

 

स्टुडिओची सून, सांगली

सगळ्यांचे आभार. एफिशियन्सी बघितली. दोन शीट उघड्या असताना 61 टक्के, तिसरी उघडल्यावर 38 पर्यंत खाली. टास्क मॅनेजरमध्ये त्या वेळी डिस्क 100 टक्क्यांवर, आणि प्रोसेसर मात्र तीसच्या आसपास निवांत. म्हणजे मी ज्याला इतके महिने "प्रोसेसर म्हातारा झाला" म्हणत होते तो बसून होता.

कॅमेऱ्यात रॉ अनकम्प्रेस्ड निघाले. नवऱ्याचं म्हणणं, क्वालिटी. मी एकाच फ्रेमचे दोन्ही प्रकार त्याला न सांगता शेजारी उघडून दाखवले. त्यानं बराच वेळ बघून कम्प्रेस्डवर बोट ठेवलं, "हा बघ, हा चांगला." विषय संपला.

लॅबचा फोन लागला. एसआरजीबीच हवं म्हणाले, प्रोफाइल मेलवर पाठवला. आजवर कुणी मागितलाच नव्हता म्हणे. आणि लाइटरूममध्ये खरंच प्रोफोटो आणि 16 बिट होतं. ते बदलल्यावर आहे त्याच मशीनवर तिसरी शीट उघडते, धापा टाकत का होईना.

पठारावरचा काका, पांढऱ्या कागदाचा प्रयोग केला. ब्राइटनेस 90 वरून 30 च्या जवळ आला. मागच्या महिन्याचा अल्बम त्या उजेडात उघडला आणि नवरी तशीच दिसली जशी छापून आली होती. लॅबवाल्यांवर उगाच चिडले होते असं नाही म्हणणार, पण पुढचा फोन जरा गोड आवाजात करीन.

अजून एक विचारायचंय. आमच्याकडे घरचा इन्व्हर्टर आहे, दुकान खाली आणि घर वर. त्यावरच मशीन चालवलं तर यूपीएसचे पैसे वाचतील का? वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाइट दहा वेळा जाते-येते.

 

पाना-पेचकस, मिरज

बघा, म्हणजे अंदाज बरोबर निघाला. इन्व्हर्टरवर "यूपीएस मोड" चं बटण असेल तर ते लावून मशीन बहुधा टिकेल, कारण त्यात बदल लवकर होतो. नॉर्मल मोडला पंखा चालतो, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. पण वरच्या मजल्यावर मिक्सर, फ्रिज त्याच इन्व्हर्टरवर असतील तर मी माझं मशीन तिथे लावणार नाही. वेगळा 1100 व्हीएचा यूपीएस घ्या. 600 व्हीएवर डीनॉइज चालू असताना कार्ड आणि मॉनिटर मिळून काठावर येतं, आणि तेव्हाच लाइट जाते हा महावितरणचा नियम आहे. यूपीएसवर मॉनिटर आणि मशीन, एवढंच. प्रिंटर लावू नका. पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं. आणि दुकानाचं अर्थिंग एकदा वायरमनला दाखवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीन आणायच्या आधी ते काम करा.

 

आयर्विनचा शेजारी, सांगली

सगळं वाचलं, बॅकअपवर कुणीच बोललं नाही याचं नवल वाटलं. सांगलीत दुकान खाली आहे म्हणता, म्हणजे 2019 आणि 2021 चे महापूर तुम्हाला सांगायला नकोत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. माझ्या गल्लीत 2019 ला माणसं घरातलं धान्य वर न्यायच्या मागे होती, कॉम्प्युटरची आठवण कुणाला राहणार? एका ओळखीच्या स्टुडिओतली लोकांच्या लग्नांची हार्ड डिस्क चिखलात गेली. लग्न पुन्हा लावता येत नाही.

तुमची जुनी 2 टीबी फेकू नका. यूएसबीची डबी मिळते, त्यात घाला. चालू सीझनचे रॉ मशीनमध्ये आणि त्यावर, अशा दोन प्रती, आणि ती डबी रात्री वर घरात. तिसरी प्रत घराबाहेर हवी. माहेर किंवा कुणी नातेवाईक विटा, तासगाव अशा उंचावरच्या गावात असतील तर सीझन संपला की एक डिस्क तिकडे ठेवा. रॉ क्लाउडवर चढवत बसू नका, एका लग्नालाच रात्र जाईल. पण तयार शीटच्या जेपीईजी चढवा. तीस-चाळीस शीट मिळून जीबीभर होतात, आणि गिऱ्हाइकाला चार वर्षांनी अल्बम परत हवा असला तर त्याच लागतात.

पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर नको, टेबलावर. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सगळ्यात आधी डिस्क वर न्या, बाकीचं मागून. आणि देव न करो, डिस्क भिजलीच तर वाळवून लावून बघायचा मोह आवरा. भिजलेली डिस्क चालू केली की आत उरलेलं तेही जातं. तशीच पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

 

स्टुडिओची सून, सांगली

विट्याला मावशी आहे. तिच्या लोखंडी कपाटात जागा केलीय.

शेवटी ठरलं ते सांगते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल. रायझन 5 7600 (7700 घेणार होते, रॅमच्या भावानं मध्येच पाय घातला), बी650 बोर्ड, 16 च्या दोन स्टिक, आरटीएक्स 5060 8 जीबी, 1 टीबी एनव्हीएमई, 4 टीबी हार्ड डिस्क, 550 वॅट एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, 27 इंची सपाट आयपीएस 2560 बाय 1440, 1100 व्हीए यूपीएस. दीड लाखाच्या आत बसलं. कोटेशन दिलेल्या त्याच दुकानात गेले, यादी पुढे ठेवली. त्यांनी एकदा "मॅडम, कर्व्ह्ड बघा तरी" म्हणून पाहिलं, मग मुकाट्यानं बिल केलं, पक्कं.

कॅलिब्रेटरसाठी विश्रामबागेतला एक आणि गणपती पेठेतला एक स्टुडिओ तयार झालाय. आणखी एक हवा. सांगली-मिरजेत कुणी असेल तर इथेच कळवा, यंत्राची वही मी ठेवते, कुणाकडे आहे ते शोधावं लागणार नाही.

पुतण्या अजून रुसलाय.

 

पाना-पेचकस, मिरज

कॅलिब्रेटरमध्ये मला धरा. आणि ताई, मशीन जोडून आलं की रॅमचा एक्सपो प्रोफाइल बायोसमध्ये चालू केलाय का ते विचारून घ्या. पुष्कळ दुकानदार विसरतात, मग महागाची रॅम हळू वेगानंच चालत राहते.